चढावर चुकणारी ठिणगी

शहागडचा गोदावरीवरचा पूल ओलांडणाऱ्या बहुतेक पिकअपांच्या इंजिनात ठिणगी पडतच नाही. धुळे-सोलापूर महामार्गावरून मोसंबी, कापूस, शेळ्या, सिमेंट नाहीतर मंडपाचं सामान घेऊन पळणाऱ्या या गाड्या डिझेलच्या. डिझेलचं इंजिन हवा इतकी दाबतं की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि वरून मारलेलं डिझेल तिच्यात आपोआप पेटतं. पण या गर्दीत एखादी जुनी पेट्रोलची किंवा सीएनजीची छोटी पिकअपही असते. तिचं इंधन आपोआप पेटून चालत नाही. ते बरोबर वेळेवर, बरोबर जागी कुणीतरी पेटवावं लागतं, आणि ते काम बोटाएवढा एक प्लग करतो.

तो किती करतो हे एकदा मोजून पाहावं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. माल भरून शहागडहून छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात जायला दोनेक तास लागले, तर तेवढ्यात एकेका प्लगने १ लाख ८० हजार वेळा आग लावलेली असते. त्यांतल्या शंभरात पाच चुकल्या तरी बसलेल्या माणसाला कळतं. गाडी झटके देते, ओढ जाते, सायलेन्सरचा आवाज फाटतो. गॅरेजवर याला 'मिसिंग' म्हणतात.

"मिस्तरी, गाडी मिसिंग मारायलीय."

"कुठं मारायलीय? स्लोला का लोडला?"

महामार्गाच्या कडेच्या कुठल्याही गॅरेजवर हे दोन वाक्यांचं बोलणं ऐकू येतं. मिस्तरीच्या या उलट प्रश्नाने मला अनेक दिवस पछाडलं आहे, कारण त्यात विजेच्या भौतिकशास्त्रातला एक सुंदर नियम अख्खा बसलेला आहे.

तो समजायला आधी ठिणगी कुठून येते ते पाहावं लागतं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांमधली फट मिलिमीटरपेक्षा जराशी कमी असते, आणि बारा व्होल्टच्या ताकदीने वीज ती फट कधीच ओलांडणार नाही. तिला हजारो व्होल्ट लागतात. ते कॉइल देते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं, दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. इथवर काहीच घडत नाही. ठिणगी पडते ती हा प्रवाह तोडल्यावर. चुंबकीय क्षेत्र क्षणात कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेत दहा, वीस, प्रसंगी तीस हजार व्होल्ट उसळतात. मायकेल फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलं होतं की चुंबकीय क्षेत्र नुसतं असून भागत नाही. ते बदललं तरच तारेत वीज निर्माण होते. जितक्या झटक्यात बदलेल तितका विजेचा दाब मोठा. आपण गाडीत बसून चावी फिरवतो, तेव्हा इंजिन हे 'तोडणं' सेकंदाला अनेक वेळा करू लागतं.

जुन्या गाड्यांत तोडण्याचं काम पॉइंट करायचे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या पेट्रोल जीप आणि त्यांच्यापासून निघालेल्या मालवाहू गाड्या महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरल्या, आणि मिस्तरींच्या दोन पिढ्या त्यांच्यावर शिकल्या. त्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोट्या धातूच्या बटणांसारखे पॉइंट उघडमीट करत. उघडल्यावर त्यांच्यातली फट एक इंचाचा वीस हजारांश भाग, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगची फट तीस हजारांश. ज्याच्याकडे फिलर गेज नसे तो हॅक्सॉचं तुटलेलं ब्लेड घाली, कारण त्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर भरते. पॉइंट उघडताना प्रवाह त्यांच्यातूनच ठिणगी होऊन निसटू पाहतो, आणि तसा निसटला तर 'तोडणं' झटक्यात होत नाही. म्हणून बाजूला करंगळीएवढा कंडेन्सर बसवलेला असतो. तो हा उसळलेला प्रवाह क्षणभर आपल्याकडे ठेवून घेतो. कंडेन्सर मेला की पॉइंट जळतात, ठिणगी पिवळट आणि बारीक होते, आणि गाडी मिसिंग मारते. नव्या गाड्यांत हे सगळं काम इलेक्ट्रॉनिक भाग करतात, पण कॉइलचं तत्त्व तेच आहे.

आता मिस्तरीच्या प्रश्नाकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिक पाशेन याने १८८९मध्ये एक साधी गोष्ट मोजली: दोन धातूंमधल्या वायूतून ठिणगी पाडायला किती व्होल्ट लागतात? त्याला दिसलं की ते दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं, फट किती आणि वायूचा दाब किती. दाबलेल्या हवेत रेणूंची दाटी असते. फटीत सुटलेला इलेक्ट्रॉन वेग घेण्याआधीच कुणावर तरी आपटतो, आणि पुढच्या रेणूतून नवा इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद त्याच्यात साठत नाही. ती साठायला व्होल्ट वाढवावे लागतात.

गाडी स्लोला, म्हणजे नुसतं इंजिन चालू ठेवून उभी असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतं. सिलिंडरमध्ये थोडीच हवा येते, ती दाबली तरी दाब बेताचा. ठिणगीला पाच-सात हजार व्होल्ट पुरतात. आता माल भरून चढाला लागलात आणि पाय दाबलात. थ्रॉटल उघडलं, सिलिंडर हवेने गच्च भरला, पिस्टनने ती दाबली. त्याच प्लगला, त्याच फटीला आता दुप्पट-तिप्पट व्होल्ट लागतात. कॉइल थकलेली असेल, वायरीला बारीक तडा असेल, प्लगची फट झिजून रुंद झाली असेल, तर मागणी पुरवठ्याच्या वर जाते आणि ठिणगी पडत नाही. किंवा ती पडते, पण भलतीकडेच. वायरीच्या तड्यातून थेट इंजिनच्या लोखंडात. चालकाला वाटतं, गाडी सपाटीला तर बरी आहे, मग चढालाच काय होतं? सपाटीलाही प्लग तितकाच आजारी असतो, फक्त तिथे त्याची परीक्षा झालेली नसते.

म्हणूनच प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून, स्टार्टर मारून ठिणगी पाहण्याची जी पद्धत आहे तिने फसायला होतं. उघड्या हवेत ठिणगी टणत्कार करते आणि सगळे म्हणतात, प्लग चांगला आहे. पण उघड्या हवेचा दाब तो काय! आत तोच प्लग मुका होऊ शकतो. ठिणगी मुळीच दिसली नाही तर काहीतरी नक्की बिघडलंय. दिसली तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. गाडी स्लोला थरथरते आणि वेगात सुधारते, तेव्हा प्लगपेक्षा हवेची गळती शोधावी. कार्बुरेटरखालचं पॅकिंग फाटलं, एखादी रबरी नळी तडकली, तर तिथून चोरटी हवा आत जाते. स्लोला इंजिन मुळातच घोटभर हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा फार मोठी ठरते आणि मिश्रण इतकं पातळ होतं की पेटत नाही. वेगात तेवढीच गळती नगण्य होते. एका प्रश्नात मिस्तरी हे दोन आजार वेगळे करतो, बॉनेट उघडायच्या आधी.

बॉनेट उघडल्यावरचा पुढचा टप्पा मला तर्कशास्त्राच्या कुठल्याही पाठाइतका देखणा वाटतो. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करायची. चांगल्या सिलिंडरची बंद केली की इंजिन आणखी लंगडतं. एकाची बंद केली आणि काहीच फरक पडला नाही, तर तोच आजारी. जो काढल्याने काही बिघडत नाही तो आधीच काम सोडून बसलेला असतो. नांगराला जुंपलेल्या चार बैलांतल्या एकाने खांदा काढला की उरलेल्या तिघांना नांगर तर ओढावा लागतोच, शिवाय त्यालाही ओढावं लागतं. मेलेला सिलिंडर तसाच इतरांच्या अंगावर पडतो, कारण त्याचा पिस्टन वरखाली करायलाही ताकद जाते. दोनच सिलिंडरच्या छोट्या पिकअपात तर एक गेला की निम्मी गाडी गेली. मात्र इथे एक सावधगिरी हवी. चालू इंजिनची प्लगवायर हातांनी ओढू नये. जोराचा झटका बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक कॉइल असेल तर वाट न मिळालेली वीज कॉइललाच आतून फोडते. नव्या गाडीत इंजेक्टरचा किंवा कॉइलचा कनेक्टर सोडवून हीच तपासणी करतात. डिझेलच्या जुन्या पंपाच्या इंजिनांत मिस्तरी इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून नेमकं हेच शोधतात. तर्क तोच, फक्त ठिणगीच्या जागी डिझेल.

आजारी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा आणि शेजारचा इकडे. आजार प्लगबरोबर शेजारी गेला तर दोष प्लगचा. जागेवरच राहिला तर वायर, कॉइल, व्हॉल्व्ह नाहीतर इंधन. पैसा न खर्चता, गाडीतलेच भाग वापरून केलेला हा शुद्ध प्रयोग आहे. एवढं करूनही आजार जागचा हलला नाही आणि कॉम्प्रेशन मोजल्यावर त्या सिलिंडरचं फारच कमी भरलं, तर गोष्ट हेड उघडण्यापर्यंत जाते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम कमी भरलं तर मधलं गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा.

पण मला थांबायचं आहे ते काढलेल्या प्लगपाशी. इंजिनच्या आत पेटणाऱ्या आगीत उभा राहणारा आणि तरीही पाच मिनिटांत पाना लावून बाहेर काढता येणारा हा एकच भाग. आतल्या आगीची हकीकत त्याच्या तोंडावर लिहिलेली असते. गोणपाटावर चार प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि वाचायला लागा. मधल्या चिनीमातीचा रंग फिकट तपकिरी असेल तर आतली आग ठीक जळते आहे. काळी, कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर धुळीने भरलाय. काळा पण ओला, तेलकट, चकाकता असेल तर तेल रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून वर येतंय, आणि प्लग कितीही बदलले तरी महिन्याभरात तेच होणार. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतंय. वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर धातूच्या कडेलगत तपकिरी कडं दिसलं की अनेकांना वाटतं आतला धूर गळून बाहेर आला. बहुतेक वेळा तसं नसतं. उच्च दाबाच्या विजेमुळे तिथली हवा भारित होते आणि तेलाचे, धुळीचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. तो विजेने काढलेला डाग आहे, दोष नाही.

काजळीने मिसिंग का होतं, यातही नवल आहे. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. चिनीमातीच्या टोकावर काजळीचा थर बसला की विजेला फट ओलांडायची गरजच उरत नाही. ती काजळीवरून सरपटत थेट धातूला मिळते. ठिणगी पडण्यापुरता विजेचा दाब साठतच नाही. चांगला प्लग ही काजळी स्वतःच जाळतो, त्यासाठी त्याचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापायला हवं. पण ८५० अंशांच्या फार वरही नको, नाहीतर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवेल. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात प्लगला आयुष्यभर राहायचं असतं, मग बाहेर मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन असो की डिसेंबरची पहाट. ही किमया चिनीमातीच्या टोकाच्या लांबीने साधते. टोक लांब तर उष्णता निघून जायला वाट लांब, प्लग 'गरम'. आखूड तर 'थंड'. गल्लीबोळांत थांबत-थांबत माल पोहोचवणाऱ्या गाडीला फार थंड प्लग लावला तर तो काजळून जातो. इथे दुकानात एक घोटाळा हमखास होतो: एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड असतो, आणि बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम. कंपनी बदलली तर आकडा जुळवून नव्हे, तक्ता पाहून प्लग घ्यावा.

झिजलेल्या प्लगचं दुखणं मात्र नुसत्या रुंद फटीचं नाही. नव्या प्लगच्या मधल्या टोकाची कड धारदार असते, आणि धारेवर विजेचं क्षेत्र एकवटतं, तिथून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. लाखो ठिणग्यांनी ती कड गोल होते. मग फट वाकवून पुन्हा बरोबर केली तरी ठिणगीला आधीपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. बारीक कानशीने ती कड पुन्हा चौकोनी करणारे जुने मिस्तरी विजेचं क्षेत्रच घासून धारदार करत असतात. इरिडियमचे महाग प्लग बारीक टोकाचे असतात त्यामागे हेच कारण आहे. तो धातू इतका टणक की सुईएवढं टोकही लवकर झिजत नाही. त्यांना मात्र कानस लावू नये.

अंधार पडल्यावर आणखी एक तपासणी करता येते. इंजिन चालू ठेवून बॉनेटखालचे दिवे घालवा आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथे रबर तडकलं असेल तिथे निळे धागे लुकलुकताना दिसतात. पावसाळ्यात सकाळी सकाळी मिसिंग मारणारी आणि दुपारी बरी होणारी गाडी याच तड्यांनी आजारी असते. रात्रीचा ओलावा विजेला चोरवाट देतो. वायर दुखत असेल तर गाडीतला मिडियम वेव्हचा रेडिओही कडकडतो. त्यात आश्चर्य नाही, कारण हाइनरिख हर्ट्झने १८८०च्या दशकात रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. रेडिओच्या आरंभीच्या संशोधकांपैकी ऑलिव्हर लॉज यांनी मोटारीसाठी ठिणगीचं यंत्रही बनवलं होतं, आणि पुढे त्यांच्या मुलांनी प्लगचाच कारखाना काढला. आजच्या प्लगांच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोध भरलेला असतो तो हा कडकडाट दाबायला. रोध नसलेला स्वस्त प्लग लावला तर इंजिनचा कॉम्प्युटरही गोंधळू शकतो.

ठिणगी पडली म्हणजे काम झालं असंही नाही. फटीतला वायू पहिल्या क्षणी सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तप्त होतो, पण तो टिपका फार छोटा असतो. त्यातून आगीचा बारीकसा गोळा जन्मतो आणि त्याने सगळा सिलिंडर पेटवायचा असतो. ३,००० फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो, आणि आग पसरायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. म्हणून पिस्टन वर पोहोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. त्याला टाइमिंग म्हणतात. आगीची वाट कमी करण्यासाठी बजाजने २००३मध्ये पल्सर मोटारसायकलच्या एका सिलिंडरला दोन प्लग दिले, दोन बाजूंनी एकदम पेटवायला. आगीच्या त्या गोळ्याला सुरुवातीलाच खाणं कमी पडलं, मिश्रण फार पातळ निघालं, तर ठिणगी पडूनही आग विझते. यालाही मिसिंगच म्हणतात, आणि प्लग बिचारा निर्दोष असतो.

इथे शहागडच्या शिवारातला ऊस या गोष्टीत येतो. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या कारखान्याकडे गळीत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. राज्यभर ऊस आणि मळीपासून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आणि २०२५पर्यंत देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते; एक किलो इथेनॉलला फक्त ९, कारण इथेनॉलच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजनच असतो. कॉम्प्युटरच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्बुरेटरच्या पिकअपचा जेट मात्र वर्षांपूर्वी पेट्रोलच्या मापाने पाडलेलं भोक आहे. तो तेवढंच इंधन देतो आणि मिश्रण पातळ पडतं. अशा गाडीचे प्लग पांढरट निघायला लागले आणि चढाला हलकं मिसिंग आलं, तर जेट आणि चोरटी हवा आधी तपासावी. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना गाळ सोडवतं आणि पाणी ओढतं. फिल्टर तुंबूनही झटके येतात.

पेट्रोलवरही चालणाऱ्या सीएनजीच्या पिकअपात तर कंपनीने तपासणीचं बटणच देऊन ठेवलंय. या वायूच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून थकलेला प्लग किंवा वायर आधी गॅसवर हात टेकते. चढाला मिसिंग आलं की डॅशबोर्डवरचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्यावी. झटके लगेच थांबले तर संशय प्लग, वायर, कॉइल या ठिणगीच्या बाजूवर किंवा गॅसच्या किटवर. प्लग नवे घालून, फट कंपनीने सांगितलेली ठेवून पुन्हा गॅसवर पाहावं. तरीही झटके येत राहिले तर किटचा रेग्युलेटर आणि फिल्टर उघडावा. नव्या प्लगांनंतर पेट्रोलवरही तसंच राहिलं तर इंजिनच्या आत, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशनकडे वळावं. आणि नवा प्लग बसवताना इंजिन थंड हवं, सुरुवातीचे आटे हातानेच फिरायला हवेत. हेड बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं; पान्याच्या जोरावर आटे तिरके गेले तर साध्या प्लगच्या कामाचं हेडचं काम होतं.